बोटीच्या इंजिनाचा श्वास

समुद्रावर धूळ फारशी नसते. मग मच्छीमार बोटीच्या डिझेल इंजिनाला हवेची गाळणी कशाला? हिशेब करून पाहू. १ किलोग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलोग्रॅम हवा लागते. १ लिटर डिझेलचे वस्तुमान सुमारे ०.८३ किलोग्रॅम; म्हणजे त्याला १२ किलोग्रॅम, अर्थात सुमारे १० घनमीटर हवा हवी! तिच्याबरोबर तेलाची वाफ, पट्ट्याचा भुगा व मिठाचे कण येतात आणि गाळणीची छिद्रे बुजतात. हवा अपुरी पडली की डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो, शक्ती घटते. वादळात परतताना हे जिवावर बेतू शकते. म्हणून इंजिन बंद करून गाळणी वरचेवर तपासावी. स्पंजाची असल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी; कागदी असल्यास बदलावी. पेट्रोलने मात्र कधीही धुऊ नये. का, ते तुम्हीच सांगा!