संभ्रमापूर्वीची सेवा

वृद्ध माणूस रुग्णालयात दाखल होतो आणि दोन-तीन दिवसांत असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, किंवा नुसता गुंगीत पडून राहतो. ‘वय झाले’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. परंतु काही तासांत वा दिवसांत उद्भवणाऱ्या आणि दिवसभरात कमीजास्त होणाऱ्या या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम अचानक येतो. ही दोन दुखणी भिन्न आहेत. मात्र ज्याची स्मृती आधीच क्षीण झाली आहे, त्याला डिलिरियमचा धोका अधिक असतो.

१. एक अभ्यास

अमेरिकेतील न्यू हेवन येथे डॉ. शॅरन इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० वर्षे व त्यांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. विशेष काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. ही काळजी घेणाऱ्यांत डॉक्टर व परिचारिकांसमवेत प्रशिक्षित स्वयंसेवकही होते.

२. सेवेचे स्वरूप

बिघडलेली स्मृती, झोपमोड, अंथरुणाला खिळणे, अधू दृष्टी, कमी ऐकू येणे आणि शरीरातील पाण्याचा तुटवडा या सहा गोष्टींवर लक्ष ठेवण्यात आले. उपाय साधे होते. आजचा कार्यक्रम व शुश्रूषा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावयाची; ताज्या घडामोडींवर व जुन्या आठवणींवर बोलावयाचे; चष्मा हाती द्यावयाचा; चालते करावयाचे; पाणी पाजावयाचे; रात्री औषधाऐवजी गरम दूध, शांत संगीत आणि पाठ चोळणे.

३. वेळेचे महत्त्व

या अभ्यासातील एक निष्कर्ष विशेष मननीय आहे. डिलिरियम एकदा सुरू झाल्यावर त्याच्या तीव्रतेत या उपायांनी लक्षणीय फरक पडला नाही. लाभ झाला तो प्रतिबंधाचा. म्हणून रुग्ण शुद्धीवर व शांत असताना, ‘त्यांना काही गरज दिसत नाही’ असे वाटते तेव्हाच, सेवेची खरी वेळ असते. मंडळीतर्फे भेटीस जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी जावे.

४. मर्यादा

पाणी पाजण्यापूर्वी व रुग्णाला उठवण्यापूर्वी परिचारिकेस विचारावे. काहींना गिळता येत नाही, काहींना पाणी मोजून द्यावयाचे असते. रुग्ण भ्रमात बोलत असल्यास वाद घालू नये. आपले नाव व ठिकाण शांतपणे सांगावे. वागण्यात अचानक बदल दिसल्यास तत्काळ कळवावे; त्यामागे जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या परिचयातील वृद्ध रुग्णाचा चष्मा व श्रवणयंत्र त्याच्याजवळ आहे, की घरी राहिले आहे?
२. आपण दहा जण मिळून एकदाच जातो, की एकेक जण रोज जातो?