महामार्गालगतचा गुत्ती किल्ला : संरक्षित, तरीही उपेक्षित

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात गुत्ती या गावाजवळून जातो. हैदराबादहून बंगळूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या व त्यांवर चढत गेलेली तटबंदी वाहनातूनच दिसते. तरीही येथे थांबणारे विरळाच. मराठी वाचकाने मात्र येथे अवश्य थांबावे, कारण ‘गुत्तीकर घोरपडे’ हे नाव मराठ्यांच्या इतिहासात या गडावरूनच रूढ झाले.

किल्ला मराठ्यांहून पुष्कळ जुना आहे. येथे कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळातील शिलालेख आढळतात. पुढे तो विजयनगरच्या ताब्यात होता. अठराव्या शतकात मुराराव घोरपडे यांनी येथे आपले ठाणे केले. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात क्लाइव्हच्या मदतीला आलेले मराठा सरदार ते हेच. कड्याच्या टोकाशी असलेली एक लहानशी बैठक आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १७७६ मध्ये हैदर अलीने किल्ला घेतला. अशा गडाचा खरा शत्रू तोफ नसून तहान असते. खडकातील टाक्यांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावरच सारी शिबंदी अवलंबून असे आणि ते पाणी आटले, तेव्हा दरवाजे उघडावे लागले. मुराराव कैदेत कब्बलदुर्ग येथे मरण पावले.

१८०० मध्ये निजामाने हा प्रदेश इंग्रजांना दिला. रयतवारी पद्धतीच्या संदर्भात विद्यार्थ्यांना परिचित असलेला टॉमस मन्रो हा या ‘दत्त जिल्ह्यां’चा प्रमुख जिल्हाधिकारी होता. पुढे मद्रासचा गव्हर्नर असताना १८२७ मध्ये पत्तिकोंडा येथे पटकीने त्याचा मृत्यू झाला व प्रथम त्याचे दफन गुत्ती येथेच झाले.

इतका इतिहास असलेले हे स्थळ केंद्र शासनाने संरक्षित केलेले आहे. मग झाडोऱ्यात हरवलेल्या भिंती आणि ढासळलेली कोठारे का दिसतात? ‘संरक्षित’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा लागतो. घटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे दायित्व आहे, तर अनुच्छेद ५१ क (च) वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्य मानतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित क्षेत्राभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन आले. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणही त्याच दुरुस्तीतून निर्माण झाले. म्हणजे कायदा प्रामुख्याने मनाई करतो. झुडपे काढणे, पहारेकरी नेमणे, वाटेवर फलक लावणे ही कामे मनाईने होत नाहीत. त्यांना पैसा व माणसे लागतात.

माणसांचा तुटवडा किती आहे, हे संसदेच्या स्थायी समितीच्या डिसेंबर २०२२ मधील अहवालावरून कळते. केंद्रीय संरक्षणाखालील ३,६९३ स्मारकांपैकी केवळ २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक होते. तत्पूर्वी २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पाहणीत ९२ स्मारके जागेवर सापडलीच नव्हती. त्यांतील काहींचा पुढे शोध लागला. २०२४ मध्ये मात्र १८ स्मारके यादीतून वगळण्यात आली. हरियाणातील मुजेसर येथील कोसमिनार हे त्यांपैकी एक. मोगल काळातील राजमार्गावर अंतर दाखविण्यासाठी उभारलेली ही खूण होती!

रस्ता आणि स्मारक यांचा संघर्ष संसदेतही पोहोचला होता. मनाई क्षेत्रात केंद्राच्या सार्वजनिक कामांना मुभा देणारे विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये संमत केले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठविले आणि त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. गुत्तीचा प्रश्न याच्या उलट आहे. येथे रस्ता किल्ल्याच्या मुळावर आलेला नाही. तो जवळून जातो, इतकेच.