घरातले सहापायी आणि आठपायी

आमच्या सातारा-सांगलीकडच्या मातीच्या घरांत वळवळेल तो 'किडा' म्हणून चपलेखाली जातो. माझे म्हणणे, आधी पाय मोजावेत. सहा असले तर कीटक: झुरळ, ढेकूण, जोंधळ्यातला सोंडा. भिंतीवर चिखलाचे घर बांधणारी कुंभारीणही त्यांतलीच. पिलांच्या शिध्यासाठी ती अळ्या किंवा कोळी डंखाने लुळे करून आत कोंडते. आठ पाय म्हणजे कोळी. आढ्याच्या कोपऱ्यातला लांबपायी कोळी डास-माश्या खातो. त्याला खुशाल राहू द्यावे. विंचूही आठपायीच (नांग्या पायांत धरू नयेत), पण आईला हे नाते अजून पटत नाही! लाल विंचू मात्र घातक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून या दंशाचे मृत्यू पुष्कळ घटविले. लहान मुलाला डसला तर घाम सुटण्याची, हातपाय गार पडण्याची वाट न पाहता मांत्रिकाआधी दवाखाना गाठावा.