गप्पी पाळतेस, तर ऐक

पोरी, टाकी आणलीस, आता मासे आणायची घाई करू नकोस. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात अन् वाळूत वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. एकाच दिवशी टाकी भरून दहा मासे सोडले की आठवड्यात मरू लागतात, ते यामुळेच. पाणी भर, हायड्रिला ही पाणवनस्पती लाव, फिल्टर चालू ठेव आणि सुरुवातीला दोन-तीनच गप्पी सोड. कुणाच्या निरोगी जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर आपल्या टाकीत पिळ, काम लवकर होतं. टाकी चाळीस लिटरची आहे, म्हणजे नुसतं पाणीच चाळीस किलो. टीव्हीच्या टेबलावर नको, कडप्प्याच्या ओट्यावर ठेव. खिडकीचं ऊन मात्र तिच्यावर येऊ देऊ नकोस.

आपल्या वैजापूरचं बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, म्हणून सगळे आरओच्या पाण्याचे जार मागवतात. गप्पीला मात्र हेच पाणी मानवतं. काळ्या खडकातून येताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं आणि गप्पीला ते लागतंच. आरओच्या पाण्यातून हे क्षार काढलेले असतात, तेव्हा जारचं पाणी चांगलं समजून टाकीत ओतू नकोस. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेव, क्लोरीन उडून जातं. बोअरचंही रात्रभर ठेव, कारण जमिनीतून येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तांब्याच्या हंड्यातलं पाणी कधीच नाही; तांबं माशाला विष आहे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल, सगळं कधीच नको. आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच खळबळून घे, नळाखाली नको.

एक गोष्ट फार जपायची. डासांची अगरबत्ती, लिक्विड, स्प्रे यांतलं औषध माशाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. टाकीच्या खोलीत ते लावायचं नाही. बाबा कपाशीवर फवारणी करून आले तर हात धुतले असले तरी त्यांना टाकीत हात घालू देऊ नकोस.

खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. पोळीचा चुरा, बिस्किट नको. हौदात डासांच्या अळ्या दिसल्या तर गाळून घाल, त्याहून चांगलं खाणं नाही. माझी सगळी नोकरी हिवताप विभागात गेली, गप्पी अळ्या खातो म्हणूनच आम्ही तो गावोगावच्या हौदांत सोडायचो. मूळचा हा मासा दक्षिण अमेरिकेचा. त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचं नाव त्याला चिकटलं. आपल्याकडे 1928 साली इटलीहून आणलेला गंबुशियाही अळ्या खातो, पण तो इतर माशांच्या शेपट्या कुरतडतो. गप्पीसोबत तो ठेवू नकोस.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसावर जातो आणि तेव्हाच वीजही जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात पंप बंद. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की मगाने पाणी काढून उंचावरून परत ओत. बाहेरून ओलं फडकं गुंडाळ. बर्फ थेट टाकू नकोस. थंडीत हीटर पंचविसावर ठेव.

आता पिल्लांचं. एका नराला दोन-तीन माद्या ठेव, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतात. मादीच्या पोटाखालचा डाग काळा पडला, पोट चौकोनी दिसू लागलं की दिवस भरत आले. साधारण महिन्याला वीस-पन्नास पिल्लं, अंडी नव्हेत, थेट पोहणारी पिल्लं देते. आईच ती खाते, म्हणून दाट हायड्रिला किंवा जावा मॉस हवंच. पिल्लांना खाणं बारीक दळून दे. मादी एकदा नराला भेटली की नर नसतानाही काही महिने विणीवर वीण देत राहते. दोन-तीन महिन्यांत पिल्लंही वयात येतात. म्हणून लहानपणीच नर वेगळे काढ. पोटाखालचा मागचा पर काडीसारखा लांब झाला की तो नर.

तरीही मासे जास्त होणारच. ते नारंगी नदीत सोडायचे नाहीत, विहिरीत नाहीत, कालव्यात नाहीत. पुण्याचं काम म्हणून लोक सोडतात, आणि हा परदेशी मासा तिथं वाढून आपल्या माशांची पिल्लं, खाणं संपवतो. नारंगीचं पाणी पुढे गोदावरीच्या खोऱ्यातच जातं. मैत्रिणींना दे, मासेवाल्याला परत दे, नाहीतर आधी आरोग्य केंद्रात विचार. बंदिस्त हौदासाठी त्यांना लागत असतील तर ते घेतील. कुणालाच नको असतील तर नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेव, पण नदीकडे बादली नेऊ नकोस.