प्रभाकर बरवे : वस्तू, अवकाश आणि शब्द

प्रस्तावना
आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये पॅरिस येथे अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. बुद्धीचे नियंत्रण दूर सारून स्वप्न व नेणीव यांना वाट मोकळी करून द्यावी, ही या वादाची मूळ भूमिका होय. मराठी चित्रकारांमध्ये या संदर्भात प्रभाकर बरवे यांचे नाव घेतले जाते. ते कितपत सार्थ आहे, हे या घटकात पाहावयाचे आहे.

जीवन
बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतल्यानंतर ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. या नोकरीमुळे १९६१ पासून काही वर्षे त्यांचे वास्तव्य वाराणसीत होते. तेथे परिचित झालेली तांत्रिक प्रतीके त्यांच्या चित्रांत उतरली. मुंबईस परतल्यावर ती क्रमाने मागे पडली आणि पान, फळ, घड्याळ अशा नित्याच्या वस्तू एनॅमल रंगांत अवतरल्या. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

अतिवास्तववादाशी नाते
एकमेकींशी संबंध नसलेल्या वस्तू शेजारी मांडून नवा अर्थ जागा करणे, हे साम्य स्पष्ट आहे. मात्र साल्वादोर दाली यांच्या १९३१ च्या प्रसिद्ध चित्रात घड्याळे वितळतात आणि पाहणारा अस्वस्थ होतो. बरवे यांच्या वस्तू शांत असतात. त्यांच्यामधील रिकामी जागाही वस्तूइतकीच बोलकी असते. ही रचना नेणिवेच्या आवेगातून नव्हे, तर दीर्घ चिंतनातून सिद्ध होते.

लेखन
या विधानाचा आधार ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या ग्रंथात मिळतो. रिक्त पृष्ठभागापासून चित्र कसे घडत जाते, वस्तू व तिचा आकार यांत अंतर कोणते, याचा शोध बरवे साध्या, संथ गद्यात घेतात. त्यांच्या रोजनिशींतही रेखाटने आणि टिपणे शेजारी नांदतात. मूळ चित्रे पाहण्याची संधी मुरुड किंवा नांदेड येथील विद्यार्थ्यास सहसा लाभत नाही. हे गद्य मात्र त्याच्यापर्यंत पोहोचते आणि पाहण्याची शिस्त देते. मराठी कलाविचारात त्याचे महत्त्व येथेच आहे.

सारांश
बरवे यांनी अतिवास्तववादाची दृष्टी स्वीकारली. नेणिवेपुढील शरणागती स्वीकारली नाही. म्हणून त्यांना केवळ ‘अतिवास्तववादी’ म्हणणे अपुरे ठरते.

स्वाध्याय
१. बरवे व दाली यांच्या वस्तुचित्रणातील भेद स्पष्ट करा.
२. घरातील एक वस्तू दहा मिनिटे न्याहाळा. तिचा उपयोग न सांगता, केवळ आकार व भोवतालची जागा यांविषयी दहा ओळी लिहा.