‘ढ’ म्हणण्याआधी रक्त तपासा



चोरखमाऱ्याकडे एका घरी गृहभेटीला गेले होते. शाळेत जाणारा मुलगा दुपारी खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडलेला. माय म्हणाली, "बाई, याचं शाळेत मनच लागत नाही. वर्गात झोपते, घडीघडी लघवीला जाते. गुरुजी ढ म्हणतात." पाय दुखतात का, विचारले. "थंडीत तं रातभर रडते. तलावात डुंबून आला का दुसऱ्या दिवशी उठतच नाही." डोळे पिवळसर दिसत होते. रक्त तपासले, तर सिकलसेल निघाला.

हे मला लगेच सुचले, याचे कारण आधी एकदा सुचले नव्हते. नोकरीच्या सुरुवातीला अशीच एक मुलगी माझ्यासमोर आली होती. मी पापणी खाली ओढून पाहिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी खा म्हटले आणि मोकळी झाले. तपासणी केली नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली. अभ्यास झेपत नाही, असेच सगळे म्हणत राहिले. मीसुद्धा.

शिक्षण म्हटले की आपल्याला वह्या, फी, मार्क आठवतात. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहिले, तेव्हा तहानेबद्दल लिहिले. वर्गात वेगळे गोणपाट, तेही रोज घरी न्यायचे. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तहानलेलेच राहायचे. शिकणारे मूल म्हणजे आधी एक शरीर आहे आणि त्या शरीराला लाज वाटते, भीती वाटते, हे त्या आठवणीतून कळते. धम्मपदाच्या अट्ठकथेतही आळवीच्या गरीब माणसाची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी उशिरा पोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घातले, मग धम्म सांगितला.

आता सिकलसेलचे. विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात बराच आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे-सांधे असह्य दुखतात. पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी वारंवार होते, मोठे मूलही अंथरूण ओले करते. त्यावरून मारू नका. पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला किंवा अति दमणूक झाली की दुखणे उसळते. अशा मुलाला "बाहेर जायचे नाही, पाणी सुट्टीत प्यायचे" हा वर्गाचा नियम लावला तर तो आजारीच पडणार.

मनाचे दुखणे याहून चिवट असते. पुढची कळ कधी येईल या धास्तीत मूल फळ्याकडे काय बघणार? गैरहजेरीने धडा मागे राहतो, मग उत्तर येत नाही, मग हसतात, मग ते हात वर करणेच सोडते. आपण त्याला मंदबुद्धी समजतो. काही घरांत अजून करणी म्हणून अंगारा लावतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत हे पाहून मला राग येतो, तो लपवत नाही. मुलीचे असेल तर लग्न जमणार नाही म्हणून रिपोर्टच पेटीत जातो.

प्रत्येक झोपाळू मुलाला सिकलसेल असतो असे नाही. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे अंधारात उठलेले लेकरू वर्गात पेंगणारच. जंत, लोहाची कमतरता, कमजोर नजर हेही पाहावे लागते. पण तपासल्याशिवाय कळणार कसे? प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण ते ठरते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. मात्र नवराबायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून पत्रिका बघण्यापेक्षा रिपोर्ट बघा.

रुग्ण मुलाला फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सीयुरिया नियमित द्या. बरे वाटले म्हणून बंद करू नका. लोहाच्या गोळ्या, शाळेत मिळणाऱ्यासुद्धा, डॉक्टरांना विचारूनच. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पांढरे पडणे, पोटाच्या डाव्या बाजूला सूज, हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढा आणि परीक्षेत जादा वेळ मिळण्याबाबत मुख्याध्यापकांशी बोला.

त्या मुलाच्या मायसोबत मी शाळेत गेले. गुरुजींना रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. आता तो दाराजवळच्या जागेवर बसतो, बाटली बाजूला असते, आणि बाहेर जायला त्याला विचारावे लागत नाही.