कळ वर सरकली पाहिजे

पोरी, कंबर धरलीय, उजव्या पोटरीपर्यंत कळ जातेय आणि कुणीतरी आठवडाभर पडून राहायला सांगितलंय, असं फोनवर म्हणालीस. पडून राहू नकोस. आयुष्यभर हीच दुखणी हाताळली मी. अंथरूण धरलं की कंबर आणखी आखडते. एखाद-दुसरा दिवस आराम कर, पण घरातल्या घरात चालती-फिरती राहा.

त्याआधी एवढं बघ. लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतोय का? बसताना टेकतो तो भाग किंवा मांड्यांची आतली बाजू बधिर झालीय का? पाऊल उचलताना लुळं पडतंय का? यातलं एक जरी असेल तरी पुढचं वाचत बसू नकोस, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ. ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यावर दुखायला लागलं असेल, तरीही आधी डॉक्टर.

तसं काही नसेल तर सतरंजीवर पालथी झोप. हसू नकोस, यामागे मोठी गोष्ट आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक पेशंट आला. त्याला टेबलावर पालथं झोपायला सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामाला लागले. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या पेशंटसाठी उचललेलं होतं, हा तसाच त्यावर पालथा पडला. परत येऊन बघतात तर याची कंबर चांगलीच मागे वाकलेली! त्या काळी हे घातक समजत. पण पेशंट म्हणाला, पाय कितीतरी दिवसांनी मोकळा झालाय. मॅकेन्झींनी ते सोडून दिलं नाही. कुठल्या स्थितीत दुखणं वाढतं आणि कुठल्या स्थितीत माघार घेतं, हे पेशंटागणिक तपासत त्यांनी अख्खी उपचारपद्धती उभी केली.

तुलाही तेच तपासायचंय. आधी नुसती पालथी पड, दोन-तीन मिनिटं. मग कोपरांवर टेकून छाती उचल, तेवढाच वेळ थांब. जमलं तर तळहात खांद्यांखाली ठेवून हात सरळ कर, पण ओटीपोट जमिनीकडे सैल सोड. भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात, इथे सगळं काम हातांचं, पाठ अगदी ढिली. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. एकदाच तासभर घाम गाळून उपयोग नाही, थोडं थोडं आणि वारंवार हवं.

आता खरी खूण सांगते. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतून कमरेत आली, तर कंबर जास्त दुखली तरी घाबरू नकोस. दुखणं वर सरकतंय, म्हणजे वाट बरोबर आहे. उलट कळ खाली पावलाकडे उतरायला लागली किंवा मुंग्या वाढल्या, तर लगेच थांब. हे तुझ्या वयाला सांगतेय बरं का, आईला करायला लावू नकोस. उतारवयात मणक्यांमधली जागा अरुंद झालेली असेल तर मागे वाकल्याने पाय भरून येतात, आणि पुढे वाकून टेकलं की बरं वाटतं. अशांचा उपाय वेगळा.

कंबर बिघडते ती मुळात बसण्यात. लॅपटॉप मांडीवर, पाठीची कमान झालेली, मान पुढे! आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते पुढे गेलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर. खुर्चीत पार मागे सरकून बस, अंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून पट्ट्याच्या जरा वर कमरेमागे अडकव. आणि दर अर्ध्या तासाने उठ. कितीही चांगली बैठक तीन तास धरली तर दुखणारच. महागड्या खुर्चीत पैसे घालवण्यापेक्षा हा टॉवेल बरा.

सकाळी उठल्या उठल्या वाकून केर काढायचा नाही, बादली उचलायची नाही. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळी आपली उंचीही जरा जास्त भरते. त्या वेळी वाकलं की गादीवर जास्त ताण येतो. चहा घे, तासभर फिर, मग वाकायची कामं. आणि कमरेला आधाराचा पट्टा लावत असशील, तर तो चोवीस तास बांधून ठेवू नकोस.

चार-पाच दिवसांत कळ जागची हलली नाही, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. कशाने दुखतं, कशाने थांबतं, सकाळी जास्त की संध्याकाळी, हे कागदावर लिहून ने. स्वतःहून एमआरआय काढायला धावू नकोस. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या दिसतात.